वाचकांचे प्रश्न : गाडीतील स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि दाराचा पत्रा

प्रश्न : माझ्या गाडीत कंपनीने बसवून दिलेले चार स्पीकर आहेत. आवाज वाढवला की तो फाटतो. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले आहे आणि दुकानात मला ३०० वॅटचे स्पीकर सुचवण्यात आले. माझ्या स्टिरिओवर ते चालतील का, आणि आवाज किती वाढेल?

उत्तर : चालतील, परंतु आवाज वाढेलच याची खात्री नाही, कदाचित तो आहे त्याहून कमीही होईल. स्पीकरच्या खोक्यावरचे वॅट म्हणजे तो किती आवाज देतो याचे माप नव्हे, तर किती शक्ती पचवू शकतो याची मर्यादा आहे. त्यातही मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा ‘कमाल’ शक्तीचा, म्हणजे क्षणभर सोसता येणाऱ्या झटक्याचा असतो. सतत पेलता येणारी शक्ती ‘आरएमएस’ या नावाने बारीक अक्षरात दिलेली असते आणि निवड करताना तीच पाहावी.

आपल्या स्टिरिओवरचे ५० वॅट कोठून आले, हेही एकदा मांडून पाहण्याजोगे आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्टिरिओच्या आतला छोटा अॅम्प्लिफायर ते वाढवत नाही, स्पीकरच्या दोन टोकांना आलटून पालटून तेवढेच देऊ शकतो. स्वच्छ, गोलाईदार लहरीचे शिखर १४.४ व्होल्टचे असेल, तर तिचे आरएमएस मूल्य, म्हणजे शक्तीच्या हिशोबात धरायचे परिणामी व्होल्टेज, १०.२ व्होल्ट भरते. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या रोधाने, म्हणजे ४ ओहमने, भागले की सुमारे २६ वॅट येतात. प्रत्यक्षात काही व्होल्ट वाटेतच खर्च होत असल्याने हाती १५ ते २२ वॅट लागतात. मात्र लहरीची शिखरे पूर्ण छाटून ती चौकोनी केली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे जवळजवळ ५२ वॅट होतात. म्हणजे ५० हा आकडा हवेतून आलेला नाही. तो आपण ज्याला ‘आवाज फाटणे’ म्हणता, त्याच अवस्थेतला आकडा आहे. अॅम्प्लिफायर मोजण्यासाठी ‘सीईए-२००६’ (नवे नाव ‘सीटीए-२००६’) हे मानक आहे, त्यात १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला, विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मिळणारी शक्तीच सांगावी लागते. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल, तर त्या आकड्यावर विसंबता येते.

स्टिरिओ बदलायचा नसेल, तर आपण स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर मिळणारे डेसिबल, पाहून निवड करावी. शक्ती दुप्पट केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ९१ डेसिबलचा साधा स्पीकर १८ वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८७ डेसिबलच्या भारदस्त स्पीकरला ४५ वॅट द्यावे लागतील. जास्त शक्ती पेलण्यासाठी केलेल्या स्पीकरची कॉइल (तारेची गुंडाळी) आणि कोन (हलणारा पडदा) अनेकदा जड असतात आणि तोच भार थोड्या शक्तीवर आड येतो. येथे एक चकवाही आहे. काही उत्पादक १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमला ते १ वॅटच होते, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट मिळतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकर ताडून पाहताना मोजमापाची ही अट दोन्हीकडे सारखी आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : कोअॅक्शियल घ्यावेत की कंपोनंट? कंपोनंटची किंमत खरोखर वसूल होते का?

उत्तर : ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, बसवायला नीट जागा असेल तर होते, नसेल तर होत नाही. कोअॅक्शियलमध्ये ट्वीटर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, मधोमध बसलेला असतो आणि वूफर बहुतेक गाड्यांत दाराच्या तळाशी, पोटरीच्या उंचीवर असतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात व पाय, आसन, कपडे यांत मुरतात. मग गायक जणू पायाशी बसून गात आहे असे वाटते. कंपोनंट जोडीत ट्वीटर वेगळा असल्यामुळे तो आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कडेला बसवता येतो आणि आवाज काचेच्या उंचीवर येतो. ट्वीटर वूफरपासून फार लांब नेल्यास मात्र दोघांचे सूर एकमेकांत मिसळत नाहीत. जे बसवणारे कंपोनंटचा ट्वीटर वूफरशेजारीच दारात चिकटवून देतात, ते आपल्याला कोअॅक्शियलच जास्त पैशांना देत असतात. मागच्या दारांना कोअॅक्शियल पुरे. किंबहुना पैसे मोजके असतील तर मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्यावेत आणि सगळा खर्च पुढच्या जोडीवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नवे साडेसहा इंची कंपोनंट बसवले. वरचा आवाज सुरेख झाला, पण तबल्याचा बायाँ आणि बास गिटार जुन्या स्पीकरांवर जास्त ऐकू येत असत. स्पीकर सदोष आहेत का?

उत्तर : स्पीकर बहुधा निर्दोष आहेत, दोष जोडणीत किंवा दारात असावा.

आधी जोडणी तपासावी. दोन्ही बाजूंपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील, तर एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मी स्वतः एकदा कपलर (तारांचा प्लास्टिकचा जोड) कापून तारा जोडताना रंगांवर भरवसा ठेवून ही चूक केली होती आणि दोन दिवस इक्वलायझरमध्ये बास वाढवत बसलो होतो. परीक्षा सोपी आहे. स्टिरिओचा बॅलन्स एका टोकाला न्यावा, मग मध्यावर आणावा. दोन्ही बाजू एकत्र वाजू लागताच बास भरण्याऐवजी ओसरत असेल, तर तारा उलट आहेत. खात्री करायची असल्यास तारा स्टिरिओपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल, तर कोन बाहेर उसळतो.

तारा बरोबर असतील, तर डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढून आत पाहावे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि अनेक गाड्यांत ती केवळ एका पातळ प्लास्टिकने झाकलेली असतात. कोनच्या पाठीमागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट असते. ती त्या भोकांतून किंवा स्पीकरच्या कडेच्या फटीतून पुढे आली, की खालचे सूर जागच्या जागी रद्द होतात. कंपनीचा जुना स्पीकर त्याच्या साच्याच्या कड्यासह घट्ट बसलेला होता. नवा स्पीकर बसवताना तीन स्क्रू लागले, चौथ्याचे भोक जुळले नाही, कडेला बोटभर फट राहिली, असे सर्रास घडते. उपाय असा, की एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) किंवा कडक प्लास्टिकचे कडे घालून स्पीकर पत्र्याशी चहूबाजूंनी बंद करावा, कड्याखाली फोमची पट्टी द्यावी, भोके झाकावीत आणि बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारे रबरी पत्रे) लावाव्यात. पूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते; मोकळा थरथरणारा मधला भाग धरला तरी मोठा फरक पडतो. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची छिद्रे असतात, ती मात्र चुकूनही बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजेल. एमडीएफ वापरल्यास त्याला आधी रंग किंवा रेझिन लावावे, कारण ओल लागली की ते फुगते. आणि पॅड लावण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही ना, हे पाहावे.

या कामाची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून ते खरेदीच्या यादीत नसते. माझ्या मते मध्यम दर्जाचा स्पीकर बंदिस्त दारात आणि उंची स्पीकर भोकाभोकांच्या दारात वाजवला, तर आपण पहिलाच पसंत कराल.

प्रश्न : ४०० वॅट आरएमएसचा अॅम्प्लिफायर घेत आहे. त्याची वायर किती जाड असावी? फ्यूज कोठे लावावा?

उत्तर : हा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अॅम्प्लिफायर असून त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ४०० वॅट देण्यासाठी तो ५०० वॅट घेईल आणि १३.८ व्होल्टला ते ३६ अँपिअर होतात. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या लांबीला ८ गेजची तांब्याची वायर कशीबशी पुरते, ४ गेज निर्धास्त. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड असते, हे खरेदी करताना ध्यानात असू द्यावे. स्वस्त संचांतील वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते. तिचा रोध जास्त असल्याने ती घ्यायचीच झाल्यास निदान एक पायरी जाड घ्यावी. फ्यूज बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अॅम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो : वाटेत कोठे पत्र्याला घासून वायर उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडचा भाग असुरक्षितच राहतो, म्हणून तो भाग जितका आखूड तितका बरा. अर्थिंगची वायर तेवढीच जाड आणि आखूड असावी, व जोडाच्या जागचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर तिचा लग (टोकाची धातूची कडी) कसावा. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू आली, तर प्रथम हाच जोड तपासावा.

अॅम्प्लिफायरवरचे गेनचे बटण मात्र आवाज वाढवण्यासाठी फिरवू नये. ते स्टिरिओच्या आउटपुट व्होल्टेजशी अॅम्प्लिफायर जुळवण्यासाठी असते. बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवावा, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश करावा, गेन किंचित फाटेपर्यंत वाढवून लगेच मागे घ्यावा आणि त्यानंतर त्याला हात लावू नये.

प्रश्न : ‘ड्युअल ४ ओहम’ सबवूफर माझ्या १ चॅनेलच्या, किमान २ ओहमच्या अॅम्प्लिफायरला चालेल का?

उत्तर : चालेल. ‘ड्युअल ४ ओहम’ म्हणजे सबवूफरला, खोल बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असतात. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की भार २ ओहम होतो आणि अॅम्प्लिफायरची पूर्ण शक्ती मिळते. एकापाठोपाठ जोडल्यास ८ ओहम होऊन शक्ती बरीच घटते. ‘ड्युअल २ ओहम’ घेतल्यास मात्र समांतर जोडणीत भार १ ओहमवर येईल आणि आपला अॅम्प्लिफायर तापून बंद पडेल, म्हणून बिल करण्यापूर्वी खोक्यावरचा हा एक आकडा स्वतः वाचावा.