टिम डंकन इतका कंटाळवाणा खेळायचा, तरी त्याला सर्वोत्तम पॉवर फॉरवर्ड का म्हणतात? त्याच्यासारखं खेळायला सराव काय करावा?

एरवी मी इथे नुसता वाचतो. पण कंटाळवाणा म्हणालात, म्हणून लिहायला बसलो. पॉवर फॉरवर्ड म्हणजे बास्केटबॉलमध्ये रिंगजवळ झुंजणारा उंच खेळाडू.

१९९९, २००३, २००५, २००७, २०१४. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, पाच विजेतेपदं. २००२ आणि २००३ मध्ये लागोपाठ एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. १९ सीझन, सगळे एकट्या सॅन अँटोनियो स्पर्सकडून. २००३च्या फायनलची सहावी मॅच काढून बघा, न्यू जर्सीविरुद्धची: २१ पॉइंट, २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ८ ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट). आणि एवढं करून चेहरा असा, की जणू रेशनच्या रांगेत उभा आहे.

चेहऱ्यावरून आठवलं. एप्रिल २००७ मध्ये डॅलसविरुद्ध हा बेंचवर बसून हसला म्हणून रेफरीनं त्याला मॅचबाहेर काढलं. लीगनं मग त्या रेफरीलाच निलंबित केलं. हसत नाही म्हणून लोक नावं ठेवतात आणि हसला तर बाहेर!

मुळात तो बास्केटबॉलचा नव्हताच. व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट क्रॉय हे त्याचं बेट, आणि तो पोहणारा. १९८९च्या ह्यूगो वादळात तिथला पोहायचा मोठा तलाव गेला, पुढच्या वर्षी कॅन्सरनं आई गेली. डिग्री पूर्ण करीन असा शब्द त्यानं आईला दिला होता. म्हणून एनबीएचे पैसे समोर दिसत असताना वेक फॉरेस्टला चार वर्षं काढली, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग १९९७ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला गेला.

आता माझं. मी नागपूरचा, कॉलेजात चार नंबरला, म्हणजे पॉवर फॉरवर्डच, खेळायचो. विद्यापीठाच्या टीमची निवड होती. सिमेंटचं कोर्ट, बोर्डावरचा चौकोन उडून नुसत्या खुणा उरलेल्या, पण कोपरा कुठे ते हाताला पाठ. मी डंकनसारखं डावीकडून बोर्डाला लावून टाकत होतो, पडत होते. निवडीला आलेल्या सरांनी शिट्टी मारली. "बोर्डाला काय लावतो बे? हे शाळेतल्या पोरांचं काम आहे. आणि तू मैदानात दिसतच नाहीस." दिसत होता तो दुसरा, वॉर्मअपमध्ये रिंगला लटकणारा. मॅच सुरू झाली की तो रिबाउंडला उडी मारायचा आणि बॉल पडायचा माझ्या हातात, कारण त्याच्या माणसालाही मीच अडवून धरलेलं असायचं. यादीत नाव त्याचं लागलं. मी सरांना विचारायला गेलो तर म्हणाले, "पब्लिकला काय आवडतं ते बघ जरा."

२०१४ला ३८ वर्षांच्या डंकनच्या स्पर्सनं फायनलमध्ये मायामीला ४-१नं धुतलं, त्या दिवशी मी सरांना मुद्दाम फोन लावला. "कोण डंकन?" म्हणाले.

तर सराव. रिंगपासून पाच-सहा हातांवर, बाजूला ४५ अंशांत उभे राहा आणि चौकोनाचा आपल्याकडचा वरचा कोपरा धरून बॉल लावा. त्या कोनातून बोर्ड चूक पोटात घालतो, सरळ रिंगवर टाकलेला बॉल तेवढी घालत नाही. रिबाउंड घेतल्यावर बॉल हनुवटीखाली आणायचा नाही, खाली बुटक्या गार्ड खेळाडूंचे हात टपलेलेच असतात. ब्लॉक करताना बॉल प्रेक्षकांत भिरकावू नका. डंकन हलकेच टिचकी मारल्यासारखा अडवायचा, म्हणजे बॉल आपल्याच कुणाच्या तरी हातात. ३,०२० ब्लॉक आहेत त्याचे, पण रील करायला लोकांना दुसऱ्यांचेच लागतात. बाकी फूटवर्कचं तुम्हाला माहीत असेलच, ते यूट्यूबवर मिळेल.

हां, थोडं खरंही सांगतो. ग्रेग पोपोविचसारखा कोच, जोडीला सुरुवातीला डेव्हिड रॉबिन्सन, नंतर पार्कर आणि जिनोबिली हे खेळाडू, असं घर प्रत्येकाला मिळत नाही. पॉइंट कार्ल मलोन या दुसऱ्या पॉवर फॉरवर्डचे जास्त आहेत. आणि उत्तरार्धात डंकन बऱ्याचदा सेंटरच (पाच नंबरला, रिंगच्या अगदी जवळ) खेळला, त्यामुळे पॉवर फॉरवर्ड म्हणावं की नाही यावर भांडणारे भेटतील. भांडू देत. २०१२ला टीम टिकावी म्हणून पगार दोन कोटी डॉलरच्या वरून एक कोटीच्या आत आणणारे किती सापडतात ते दाखवा, मग बोलू.

आणि तुमचेही सर बोर्ड शॉट पोरकट म्हणाले, तर डंकनचे २६,४९६ पॉइंट दाखवा. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या मैदानावर जा. मी गेलो होतो. तिथे मला चार नंबरलाच खेळवलं, आणि पहिल्याच मोसमात आम्ही त्या सरांच्या टीमला हरवलं. शेवटचा बॉल बोर्डाला लागूनच गेला होता.