साथ गॅस्ट्रोची, अब्बांचा रोजा

प्रश्न : अब्बा (सासरे, वय ६८, मधुमेह) बिहारहून लातूरला आमच्याकडे राहायला आलेत. गल्लीत गॅस्ट्रोची साथ आहे. काल जुलाब झाले, तरी रोजा सोडत नाहीत. साखर वाढेल म्हणून ओआरएसही घेत नाहीत.

उत्तर : ताई, आज रोजा नकोच. आजाऱ्याला सवलत कुराणातच आहे (२:१८५), राहिलेले रोजे नंतर धरता येतात. हे मौलानांकडून, अब्बांच्या बोलीत सांगवा. सुनेपेक्षा मौलानांचं लवकर पटेल.

ओआरएसमधल्या साखरेमुळेच आतडं मीठ-पाणी शोषतं, म्हणून मधुमेहातही ते द्यायचंच. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. अनेक घरी तांब्याभर पाण्यात अख्खं पाकीट टाकतात; मग मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. दर जुलाबानंतर पेलाभर, घोटघोट. २४ तासांनी उरलेलं ओता. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

साखर रोज तपासा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर लगेच दवाखाना. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना आजच विचारा. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. लघवी थांबली, बोलणं असंबद्ध झालं, शौचात रक्त दिसलं, तर १०८ ला फोन करा.