ब्यूटच्या आयरिश पबमध्ये आईवडिलांसह जेवायला जाताना

यलोस्टोनला जाताना मोंटाना राज्यातील ब्यूट या जुन्या खाणगावी आपला एक रात्र मुक्काम आहे आणि सोबत आईवडील आहेत. त्यांना तिथल्या आयरिश पबमध्ये जेवायला नेणे योग्य होईल का, शाकाहारी आई आणि गोमांस वर्ज्य असलेले वडील यांना तिथे काय खाता येईल आणि ते जेवण खरोखर आयरिश असते का, असे आपण विचारले आहे. खनिज प्रक्रियेच्या उच्च शिक्षणासाठी मी त्या गावात दोन वर्षे राहिलो आणि त्या काळात आठवड्यातून एकदा तरी अशाच एका पबमध्ये जेवत असे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःसंकोच देतो: अवश्य न्या, मात्र संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास न्या. त्या वेळी तिथे नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा जेवत असतात, संगीत सुरू झालेले नसते आणि वाढणाऱ्या व्यक्तीला आपल्या शंका ऐकून घ्यायला सवड असते.

जेवण आयरिश असते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण ते समजले की समोरच्या ताटाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यात 1841 मध्ये जन्मलेला मार्कस डेली पोरवयात अमेरिकेत आला, खाणकाम शिकला आणि 1880 नंतरच्या काही वर्षांत त्याने ब्यूटची ॲनाकोंडा खाण नावारूपाला आणली. चांदीसाठी घेतलेल्या त्या खाणीत तांब्याचा प्रचंड साठा निघाला, आणि नेमक्या त्याच काळात विजेच्या तारांसाठी जगाला तांबे हवे होते. डेलीने आपल्या देशबांधवांना मोठ्या संख्येने कामावर घेतले. कॉर्क परगण्याच्या बेरा द्वीपकल्पावर ॲलिहीझ नावाचे गाव आहे. तिथे 1812 पासून तांब्याच्या खाणी चालत होत्या. त्या बंद पडत गेल्या तशी तिथली खाणकरी कुटुंबे थेट ब्यूटला आली, म्हणूनच सुलिव्हन आणि हॅरिंग्टन ही आडनावे या गावात आजही पावलोपावली भेटतात. 1900 च्या सुमारास ब्यूटच्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा आयरिश वंशाचा होता, आणि हे प्रमाण बॉस्टनपेक्षाही अधिक होते.

या लोकांच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्यांच्याशी वैर धरून, इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकरी राहत होते. पॅस्टी ही त्यांची शिदोरी. मोठ्या करंजीच्या आकाराच्या मैद्याच्या जाड पारीत गोमांसाचे तुकडे, बटाटा आणि कांदा भरून ती भाजतात. डब्यात घालून खाणीत नेली तरी ती मोडत नाही आणि पाळीच्या मधल्या सुट्टीत हातात धरून खाता येते. धर्माने आणि राजकारणाने दुरावलेल्या आयरिश कुटुंबांनीही हा पदार्थ उचलला, आणि आज तो ब्यूटची ओळखच ठरला आहे. तिथे पॅस्टीवर तपकिरी ग्रेव्ही ओतून देतात. आयरिश पबच्या यादीत पॅस्टी दिसली, तर ती चुकून आलेली नाही, हे आपण वडिलांना जरूर सांगा, जरी तिच्यात गोमांस असल्यामुळे त्यांना ती खाता येणार नाही.

कॉर्न्ड बीफ आणि कोबी या जोडीचेही असेच आहे. कॉर्क बंदरातून खारवलेले गोमांस शतकानुशतके बाहेर जात होते, पण आयर्लंडमधील सामान्य माणसाच्या ताटात कोबीबरोबर डुकराचे मांस असे. अमेरिकेत आल्यावर त्याला गोमांस परवडू लागले आणि न्यूयॉर्कच्या ज्यू खाटकांकडे छातीच्या भागाचे खारवलेले मांस सहज मिळाले, तेव्हा ही जोडी रूढ झाली. म्हणून माझे मत असे आहे की, ब्यूटच्या पबमध्ये डब्लिनची चव शोधू नये. स्थलांतर करून आलेल्या कामगारांनी जे परवडले, जे शेजाऱ्याकडून शिकले आणि जे आठवणीत उरले, त्यांतून उभे केलेले ते जेवण आहे, आणि तेवढ्याने ते मला पूर्ण अस्सल वाटते. एकट्याने राहणारे शेकडो आयरिश खाणकरी तिथे मोठमोठ्या खाणावळींत राहत आणि कामावर जाताना तिथूनच डबा घेत, हे मी वाचले तेव्हा गिरणगावाची आठवण होणे स्वाभाविक होते.

आता वडिलांसाठी. शेफर्ड्स पाय म्हणजे खिम्यावर घोटलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ. हे नाव मेंढपाळावरून आले असल्यामुळे त्यात मेंढीचे मांस असते, असे आपण समजतो. अमेरिकेत मात्र तो पदार्थ बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या खिम्याचा करतात. पहिल्याच आठवड्यात मी न विचारता तो मागवला, दोन घास खाल्ल्यावर मला शंका आली, आणि विचारल्यावर ती खरी ठरली. दोष माझाच होता, कारण यादीत मांसाचा प्रकार लिहिलेलाच नव्हता आणि मी तो विचारला नव्हता. आयरिश स्ट्यूच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. मूळ स्ट्यू मेंढीच्या मांसाचा असला तरी तिकडे तो गोमांसाचाही मिळतो. मासा चालत असेल, तर फिश अँड चिप्स, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याचे तळलेले लांब काप, हा वडिलांसाठी सर्वांत सोपा पर्याय आहे. फक्त माशाच्या वरचे पीठ पुष्कळदा बिअरमध्ये भिजवलेले असते आणि तळण्यासाठी काही ठिकाणी गोवंशाची चरबी वापरतात, तेव्हा दोन्हींची चौकशी करावी.

आईंसाठी अधिक काळजी घ्यावी लागेल. बटाट्याचे सूप दिसायला निरुपद्रवी असते, पण ते पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात किंवा त्यावर बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे घालतात. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळलेल्या असू शकतात. त्यांनी कोलकॅनन मागवावे, म्हणजे लोणी आणि दूध घालून घोटलेला बटाटा व त्यात शिजवलेला कोबी किंवा केल ही पालेभाजी. ‘बेकन नको, ग्रेव्ही नको’ असे मात्र स्पष्ट सांगावे. सोबत सोडा ब्रेड घ्यावा. आयर्लंडच्या मऊ गव्हाला यीस्टने नीट फुगवटा येत नसे, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथल्या घरांनी खाण्याचा सोडा आणि ताक यांच्या साहाय्याने ब्रेड करायला सुरुवात केली. ताकाची किंचित आंबट चव आपल्या माणसांना लगेच आवडते. माझी आई आली होती, तेव्हा तिने त्याचे तीन जाड काप लोण्याबरोबर खाल्ले होते. अमेरिकन पद्धतीच्या सोडा ब्रेडमध्ये मनुका आणि क्वचित अंडेही असते, तेव्हा तेही विचारून घ्यावे. चहा हवा असल्यास ‘हॉट टी’ असे म्हणावे, नाहीतर बर्फाचा चहा येण्याची शक्यता असते; दूध वेगळे मागावे लागते.

आपण स्वतः गिनेस ही काळी आयरिश बिअर घेणार असाल, तर ती दोन टप्प्यांत ओततात आणि मध्ये ग्लास स्थिर होऊ देतात, त्यामुळे दोन मिनिटे थांबावे लागते. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा. मोंटानात विक्रीकर नाही, त्यामुळे यादीतील किंमतच बिलावर येते. वाढणाऱ्यासाठी 18 ते 20 टक्के टिप वेगळी ठेवावी.

17 मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, वृद्ध आईवडिलांना तिथे नेऊ नका. त्या दिवशी बसायला सोडाच, उभे राहायलाही जागा मिळत नाही. ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर ‘अन री रा’ हा आयरिश संगीताचा उत्सव कधी आहे ते पाहून मुक्काम ठरवा.

भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांपाशी मात्र थोडा वेळ थांबा. 8 जून 1917 रोजी ब्यूटच्या स्पेक्युलेटर खाणीच्या आगीत 168 माणसे मरण पावली. आगीपासून संरक्षण देणाऱ्या यंत्रणेच्या कामासाठी ग्रॅनाइट माउंटन नावाच्या विहिरीत, म्हणजे खाणीत उतरण्याच्या खोल उभ्या बोगद्यात, उतरवत असलेली विजेची जाड तार निसटली आणि ती पाहायला गेलेल्या माणसाच्या कार्बाइडच्या दिव्यामुळे तिच्या तेलकट आवरणाने पेट घेतला. या दुर्घटनेविषयी आपण आदराने विचारले, तर शेजारच्या टेबलावरचे कोणीतरी आपल्या पणजोबांची हकीकत सांगू लागते, असा माझा एकापेक्षा अधिक वेळचा अनुभव आहे. जेवून बाहेर पडल्यावर टेकडीकडे पाहा. खाणींच्या विहिरींवरचे उंच लोखंडी सांगाडे अजून उभे आहेत आणि रात्री त्यांवर लाल दिवे लागतात. वडिलांना चालवत असेल, तर गाडीपर्यंत त्याच रस्त्याने सावकाश जा. गाव सुमारे 1,700 मीटर उंचीवर असल्यामुळे चढावर धाप लागते आणि उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो.