ट्रान्समीटर घेण्याआधी रिसीव्हर पाहा

पाऊस ओसरून सडे (कातळाची मोकळी पठारे) सुकू लागले की रेडिओच्या विमानांबद्दलची पत्रे सुरू होतात. यंदाची बहुतेक पत्रे ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातात धरून विमान चालवायच्या रेडिओच्या, खरेदीविषयी आहेत. त्याचा सिग्नल घेणारा, विमानात बसतो तो रिसीव्हर.

मुलासाठी मीटरभर पंखांचे फोमचे शिकाऊ विमान घेतले आहे. दुकानदार चार, सहा आणि दहा चॅनलचे रेडिओ दाखवतो. चार पुरत असतील तर जास्त पैसे का घालावेत? (डिचोली)

चॅनल म्हणजे विमानाला वेगळा देता येणारा एक हुकूम. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी), थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) या चार चॅनलवर विमान उडते, हे खरे. पण दोन्ही पंखांतल्या एलेरॉनना स्वतंत्र सर्वो (पट्टी हलवणारी छोटी मोटर) दिले की पाचवा चॅनल लागतो आणि फ्लॅप (सावकाश उतरण्यासाठीच्या पट्ट्या) आले की सहावा. त्यामुळे सहाच्या खाली जाऊ नका. दहाचा हट्टही नको. शिकाऊ विमानात वरचे चॅनल नुसते पडून राहतात.

खरा खर्च चॅनलमध्ये नाहीच. ट्रान्समीटर एकदा घ्यायचा असतो, रिसीव्हर मात्र दर विमानाला एक. एका कंपनीचा रिसीव्हर सहसा दुसऱ्या कंपनीच्या रेडिओशी जुळत नाही, कधीकधी त्याच कंपनीच्याही नाही. फ्लायस्काय कंपनीच्या एएफएचडीएस, एएफएचडीएस २ए आणि एएफएचडीएस ३ या सिग्नलच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. एफएस-आय६ हा रेडिओ २ए चा. त्याच्यासाठी चुकून ३ चा रिसीव्हर आणलात तर तो बाइंड होणार नाही, म्हणजे रेडिओशी जोडला जाणार नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की या रेडिओचे रिसीव्हर केवढ्याला पडतात आणि सहा महिन्यांनी मिळतील का?

कमी खर्चात एफएस-आय६ आणि त्याच्याबरोबर आयए६बी रिसीव्हर ही जोडी चांगली. स्क्रीन आहे, २० विमानांची सेटिंग साठते आणि चार डबल-ए सेलवर चालतो. एफएस-सीटी६बी त्याहून स्वस्त दिसला तरी घेऊ नका. त्याला स्क्रीनच नाही. एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मवाळ करणारी सेटिंग) किंवा मिक्सिंग (एका स्टिकने दोन चॅनल हलवणे) बदलायला केबल आणि संगणक लागतो, आणि भर उन्हात सड्यावर तो कोण नेणार?

मुलगा या छंदात टिकेल असे वाटत असेल तर रेडिओमास्टरचा पॉकेट किंवा बॉक्सर घ्या. दोन्ही एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालतात आणि यूएसबी केबलने संगणकाला जोडले की सिम्युलेटरची जॉयस्टिक होतात. गोव्यात जून ते सप्टेंबर विमान खुंटीलाच असते, त्या चार महिन्यांत हाच सराव कामी येतो. यांची एक्स्प्रेसएलआरएस (सिग्नलची आणखी एक पद्धत) आवृत्ती घेणार असाल तर तीन गोष्टी आधी समजून घ्या. तिचे आरपी१ सारखे चिमुकले रिसीव्हर फ्लाइट कंट्रोलरसाठी (विमान सावरणारा आतला छोटा संगणक) असतात, त्यांना सर्वोच्या पिना नसतात. साध्या विमानाला ईआर६ सारखा पीडब्ल्यूएम, म्हणजे सर्वोच्या पिना असलेला, रिसीव्हर हवा. दुसरे, रेडिओ आणि रिसीव्हर दोन्हींच्या फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) मुख्य आवृत्ती एकच असावी. २ आणि ३ एकमेकांशी जुळत नाहीत. तिसरे, बहुतेक मोडमध्ये पाचवा चॅनल फक्त चालू किंवा बंद एवढेच पाठवतो. तिथे दुसरा एलेरॉन लावला तर तो सावकाश न वळता एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारतो. तो सहाव्यावर लावा आणि पाचवा मोटर सुरू-बंद करण्यासाठी राखून ठेवा.

पहिल्या उड्डाणाला ड्युअल रेट (पट्ट्या किती वळाव्यात याची मर्यादा) ७० टक्के आणि एक्स्पो ३० टक्के ठेवा. एक्स्पो काही रेडिओत अधिक चिन्हाने घालावा लागतो, काहींत उण्याने. मध्याजवळ स्टिक मवाळ झाली की नाही, हे स्क्रीनवरच्या आलेखात पाहून घ्या.

मोड १ घ्यावा की मोड २? (म्हापसा)

ज्यांच्याबरोबर उडवणार त्यांचा जो असेल तो. सोबत कोणी नसेल तर मोड २, म्हणजे थ्रॉटल आणि रडर डाव्या हाताला, एलेरॉन आणि एलिव्हेटर उजव्या. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे असतो. नुसता मेनू बदलून मोड बदलत नाही. थ्रॉटलच्या स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे डबा उघडून स्प्रिंग दुसऱ्या बाजूला बसवावी लागते.

एफएस-आय६ जोडला आहे. घरी तपासताना ट्रान्समीटर बंद केला तरी मोटर फिरतच राहिली. रिसीव्हर खराब आहे का? (फोंडा)

नाही, फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचे ती सेटिंग) लावायचे राहिले आहे. हे घरीच लक्षात आले हे बरे झाले.

सगळ्यात आधी प्रोपेलर काढा. रेडिओ आणि विमान दोन्ही चालू करून ओके बटण दाबून धरा. सिस्टम, मग आरएक्स सेटअप, मग फेलसेफ उघडा. चॅनल ३ निवडून, थ्रॉटल पूर्ण खाली ठेवून, ते ऑन करा आणि कॅन्सल बटण दाबून धरून जतन करा. नुसते दाबले तर बदल साठत नाही, आणि बहुतेकांचे तिथेच फसते. आता थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन रेडिओ बंद करा. मोटर क्षणात थांबली पाहिजे. ही परीक्षा नवीन रिसीव्हर बसवल्यावर आणि पुन्हा बाइंड केल्यावर दर वेळी घ्यावी. एरवी चालू करताना आधी रेडिओ आणि मग विमान, बंद करताना आधी विमान आणि मग रेडिओ.

दोनशे मीटरवर गेल्यावर विमान क्षणभर ऐकतच नाही, मग पुन्हा ताब्यात येते. जास्त रेंजचा रेडिओ घ्यावा का? (पेडणे)

रेडिओच्या आधी जागेचे बोलू. पेडण्याचा बराच भाग मोपाच्या विमानतळाजवळ येतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे; ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. दाबोळीच्या विमानतळाच्या आसपासही तेच. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला सडा कोणत्या रंगात येतो ते पाहा.

आता बिघाड. दोनशे मीटर हे २.४ गिगाहर्ट्झच्या कोणत्याही धड रेडिओला काहीच नाही. आमचा पहिला संशय विजेवर आहे. तुमच्या ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा भाग, बहुधा लिनियर असणार. तीन सेलच्या बॅटरीचे ११-१२ व्होल्ट तो ५ वर आणतो आणि मधला फरक उष्णता म्हणून जाळतो. चार सर्वो एकदम जोर लावू लागले की व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तपासायला प्रोपेलर काढा आणि मिनिटभर दोन्ही स्टिक जोरात फिरवा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला, किंवा रेडिओच्या स्क्रीनवर रिसीव्हरचे व्होल्टेज ४.५ च्या खाली गेले, तर दोष सापडला. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी लावा आणि ईएससीच्या सर्वो-तारेतली लाल तार पिनेतून काढून टेप लावा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात.

दिवा स्थिर राहिला तर अँटेना पाहा. तारेच्या टोकाचा ३१ मिलिमीटरचा उघडा भागच काम करतो. तो कापू नका, दुमडू नका, बॅटरीला किंवा कार्बनच्या नळीला टेकवू नका. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात हव्यात. रेडिओच्या अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नका, त्याच दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. आणि माडांच्या रांगेमागे विमान नेऊ नका. ओल्या झावळ्या हा सिग्नल खातात.

परदेशातून ९१५ मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा सेट मागवू का? (मडगाव)

नको. भारतात परवान्यावाचून खुला आहे तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा, ९१५ त्यात बसत नाही. शिवाय बिनतारी उपकरणाला ईटीए ही सरकारी मान्यता लागते, नाहीतर पार्सल कस्टम्समध्ये अडकते. मीटरभर पंखांचे विमान तीनशे-चारशे मीटरपुढे कोणीकडे कलले आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असल्याने त्यापुढची रेंज कामाचीच नाही.

दोन वर्षे वापरलेल्या रेडिओवर हात न लावता एलेरॉनचे आकडे थरथरतात. (काणकोण)

स्टिकखालचे पोटेन्शिओमीटर (स्टिकची जागा मोजणारे भाग) झिजले किंवा खाऱ्या दमट हवेने खराब झाले. तेल नसलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून स्टिक पन्नासेक वेळा गोल फिरवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. तरी थरथर राहिली तर गिंबल, म्हणजे स्टिकचा पूर्ण सांगाडा, बदला. पुढचा रेडिओ घेताना हॉल सेन्सरचे (चुंबकाने जागा मोजणारे) गिंबल असलेला घ्या. त्यात घासणारा भागच नसतो. पावसाळ्यात सेल काढून, रेडिओ सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सेल आत राहिले तर गळून स्प्रिंगा हिरव्या पडतात.