फोंड्याहून लिस्बनला येऊ इच्छिणाऱ्या वकील भगिनीस

तुम्ही फोंड्यात आठ वर्षे वकिली करीत आहात, वडिलांच्या जन्मनोंदीच्या आधारे लिस्बनला स्थायिक होऊन अद्भुतरम्य कादंबरी लिहावी असा तुमचा विचार आहे, आणि त्यासाठी वकिलीची सनद सोडावी का, असे तुम्ही विचारले आहे. मीही पणजीतील वकिली सोडूनच येथे आले, म्हणून सविस्तर लिहिते.

सनद सोडण्याची घाई करू नका. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे हे खरे. परंतु ते स्वेच्छेने स्वीकारले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते, आणि वकिलांच्या नोंदणीची मूळ अटच भारतीय नागरिकत्वाची आहे. भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर घरी येता-जाता येईल, मात्र कुळागर, म्हणजे आपली माड-पोफळीची बाग, विकत घेता येणार नाही, ते वारशानेच मिळायला हवे. येथील न्यायालयात आपली सनद चालत नाही. मी पहिली तीन वर्षे जुन्या दस्तांची भाषांतरे करून घरभाडे भरले, तेव्हा पोर्तुगीज शिकायला आजच सुरुवात करा.

लेखनाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. माझ्या कादंबरीतील नगर लिस्बनने दिले, असे वाचकांना वाटते. १७५५ च्या भूकंपानंतर येथील सखल भाग सरळ रेषांत नव्याने बांधला गेला, पण अल्फामा या जुन्या वस्तीच्या वेड्यावाकड्या गल्ल्या बऱ्याचशा तशाच राहिल्या, आणि त्यांचा चढ चढताना मला दर वेळी पणजीतील मळा या वस्तीतल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या आठवत, मध्येच टेकून श्वास घेणारी, हातात तेलाची बाटली धरलेली आजी आठवे. माझ्या नगरातील पायऱ्या चढताना एक संख्या भरते, उतरताना दुसरी. साथींनी ओस पडत गेलेले जुने गोवेही त्यात आहे.

त्या नगराचा कायदा तर सगळा वकिलीतून आला. गोव्यातील वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या प्रकरणात, एका विहिरीचे सत्तावीस हिस्सेदार मी स्वतः मोजले होते. विहीर केव्हाच आटली होती, तरी हक्कसोडीवर सही करायला एकही जण तयार नव्हता. कादंबरीत ती विहीर आहे, आणि जो आपला हिस्सा विकतो त्याला पुन्हा कधी तहान लागत नाही. अशा फायली तुमच्याकडेही असतील. अशिलाने विश्वासाने सांगितलेले जसेच्या तसे वापरू नका, घर, गाव, नाते सगळे बदला. पण ती कामे चालू असतानाच पहिला खर्डा लिहून काढा.

निघण्यापूर्वी वडिलांचे नाव जन्मनोंदीत, विवाहनोंदीत आणि तुमच्या कागदपत्रांत एकाच स्पेलिंगने आहे का, ते पाहा. फरक असेल तर दुरुस्ती गोव्यात असतानाच करून घ्या. येथून पाठपुरावा करताना एका अक्षरापायी माझे चौदा महिने गेले.