शिष्यवृत्ती मिळाली, तरी शिक्षणनिधी लगेच मोडू नका

मुलीचं मनापासून अभिनंदन. गुणांबरोबर समाजासाठी केलेलं कामही पाहून दिलेली शिष्यवृत्ती मिळवणं सोपं नाही. शाळकरी मुलांना सुट्टीच्या दिवशी विज्ञानाचे प्रयोग शिकवण्याचं तिचं काम कुणाच्या तरी नजरेत भरलं, याचा मला फार आनंद झाला.

आता तुमचा प्रश्न. तिच्या अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या फीसाठी तुम्ही आजच्या दराने पूर्ण निधी साठवला आहे. शिष्यवृत्तीतून दरवर्षी पहिल्या वर्षाच्या फीच्या ४० टक्के इतकी ठरावीक रक्कम मिळेल. तेवढा निधी काढून घरकर्ज फेडावं का, असं तुम्ही विचारता. माझं उत्तर: आत्ता नको.

पहिल्या वर्षाची फी १०० धरू. म्हणजे निधी ४००, शिष्यवृत्ती चार वर्षांची १६०, आणि तुमच्या हिशेबाने मोकळे झाले १६०. पण फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली, तर ती १००, १०८, ११७, १२६ अशी चढत जाईल. एकूण साधारण ४५१. शिष्यवृत्ती मात्र ४० वरच थांबलेली. तुमच्या खिशातून २४० नव्हे, २९१ जातील. मोकळे उरले १०९.

त्याहून मोठी गोष्ट नूतनीकरणाची. ठरावीक सरासरी गुण आणि वर्षाला १०० तास समाजकार्य, या अटी दरवर्षी पाळायच्या आहेत. तासांची मला फारशी चिंता नाही. शिकवणीचे ३० आठवडे धरले तर आठवड्याला साडेतीन तासही होत नाहीत, आणि हे काम ती आवडीने करतेच आहे. फक्त नोंदी वेळच्या वेळी ठेवून संस्थेची सही घेत जावी. काळजी गुणांची आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळा, प्रकल्प आणि अवघड विषय एकदम अंगावर येतात, आणि हुशार मुलांचंही एखादं सत्र घसरतं. दोन वर्षांनंतर शिष्यवृत्ती थांबली तर आणखी ८० लागतील. १०९ मधून ते बाजूला ठेवले की उरतात २९. निधीवरचं व्याज मी धरलेलं नाही. ते आणि हे २९ राहण्याच्या आणि पुस्तकांच्या खर्चाला असू द्या.

कर्ज लवकर फेडलं की व्याज वाचतं, हे खरंच आहे. पण ८० ठेवीत राहिले आणि कर्जाचा दर ठेवीपेक्षा ३ टक्क्यांनी जास्त असला, तरी वर्षाला नुकसान २.४ चं. ८० च्या संकटासाठी एवढा खर्च मला रास्त वाटतो. शिवाय घर तारण असल्यामुळे घरकर्ज सहसा शैक्षणिक कर्जापेक्षा स्वस्त असतं. आज ते फेडून उद्या फीसाठी महाग कर्ज काढायची वेळ यायला नको. तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण झालं की त्यातले ४० खुशाल कर्जात भरा, चौथ्याचं झालं की उरलेले ४०.

करारावर सही करण्याआधी एक कलम मात्र नीट वाचा: अट मोडली तर पुढची रक्कम फक्त थांबते, की मिळालेलीही परत मागतात? अमेरिकेतल्या सरकारी 'टीच ग्रँट'चं उदाहरण घ्या. गरजू शाळांत, तुटवडा असलेल्या विषयांचं चार वर्षं अध्यापन आठ वर्षांच्या आत पूर्ण झालं नाही, तर त्या अनुदानाचं कर्ज होतं, आणि व्याज पैसे मिळाल्या दिवसापासून लागतं. तुमच्या करारात असं काही असेल, तर ८० चा राखीव निधी पुरणार नाही. मिळालेली रक्कमही त्यात धरावी लागेल. शाखा बदलली, आजारपणात सत्र सुटलं किंवा कॉलेजची दुसरी सवलत मिळाली तर काय होतं, हेही लेखी विचारून घ्या. दुसरी मदत मिळताच पहिली कापणारी कॉलेजं आहेत.

उत्तरं हाती आली की मला कळवा, आकडे पुन्हा मांडू.