पोटात गरम केमो (हायपेक) देतात म्हणजे नक्की काय करतात? आईसाठी हो म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय की आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज. शिरेतून तीन केमो झाल्या, पोटातलं पाणी ओसरलं, आणि आता सर्जन म्हणतायत की ऑपरेशनमध्येच पोटात गरम केमो देऊ. तुमचे प्रश्न दोन: याचा खरंच उपयोग होतो का, आणि आईला काय सांगायचं. मी भूलतज्ज्ञ आहे. अशा ऑपरेशनांत पेशंटच्या डोक्याशी उभी असते, तिथून जे दिसतं ते सांगते. आईचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, एवढं धरून वाचा.

जवळपास प्रत्येक नातेवाइकाच्या मनात एक गोष्ट उलटी बसलेली असते. त्यांना वाटतं, ऑपरेशन ही नुसती तयारी आणि गरम केमो हा खरा उपचार. खरा उपचार ऑपरेशनच आहे. केमो त्याच्या मागून, उरलंसुरलं टिपायला येते.

पोटाच्या आतून, आतड्यांवरून, यकृतावरून एक पातळ चकचकीत पडदा गेलेला असतो, पेरिटोनियम. तो उलगडून पसरला तर साधारण अंगावरच्या कातडीएवढा भरेल. अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा या पडद्यावर बी फेकल्यासारखा पसरतो. त्या बारीक कणांना रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून शिरेतली केमो तिथे पुरेशी पोचत नाही. तेच औषध थेट पोटात ओतलं तर कणांना ते कित्येक पटींनी तीव्र लागतं आणि रक्तात त्यामानाने कमी उतरतं. उष्णतेने त्याचा जोरही वाढतो. पण औषध पृष्ठभागावरून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत मुरतं. रव्याच्या कणाला ते पुरतं. सुपारीएवढी गाठ मागे राहिली तर तिची नुसती साल भिजते.

म्हणून सर्जन आधी तासन्‌तास सफाई करतात. छातीच्या हाडाखालपासून ओटीपोटापर्यंत चीर. गर्भाशय, अंडाशय, आतड्यांवरची चरबीची झालर म्हणजे ओमेंटम, जिथे जिथे पडद्यावर कण दिसतील तिथला पडदा, लागलं तर आतड्याचा तुकडा. आठ-दहा तास सहज जातात. मग पोटात नळ्या घालून त्या पंपाला जोडतात. पंप औषधाचं पाणी तापवतो, पोटात सोडतो, परत ओढून घेतो, असं चक्र साठ ते नव्वद मिनिटं. पाणी ४० ते ४३ अंशांच्या दरम्यान. काही ठिकाणी पोट तात्पुरतं शिवून बंद करतात आणि सर्जन वरून दोन्ही हातांनी ते हळूहळू हलवत राहतात, औषध कानाकोपऱ्यात जावं म्हणून.

त्या दीड तासात माझं काम सगळ्यात जास्त असतं. एरवी आम्ही पेशंटला गार पडू देत नाही, गरम हवेचं पांघरूण असतं. इथे पंप सुरू व्हायच्या आधीच ते बंद करतो, गार सलाईन लावतो, कारण पोटातली उष्णता अंगभर चढते. मॉनिटरवर ३७ चे ३८ होतात, कधी त्याहून वर, नाडी धावायला लागते. मानेशी, काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. आणि दर पंधरा मिनिटांनी मी वाकून लघवीची पिशवी बघते. पोटात सोडलेलं केमोचं औषध, सिस्प्लॅटिन, मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून लघवी धो धो होत राहिली पाहिजे. तो पिवळा आकडा वाढताना दिसला की मला बरं वाटतं.

आता उपयोगाचं. तुमच्या आईसारख्याच बायकांवर झालेला अभ्यास नेदरलँड्स आणि बेल्जियममधला आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या स्टेजच्या २४५ बायका, आधी तीन केमो झालेल्या. निम्म्यांना नुसतं ऑपरेशन, निम्म्यांना ऑपरेशन आणि शेवटी ४० अंशांचं सिस्प्लॅटिन ९० मिनिटं. पहिल्या गटाचं मध्यक आयुष्य ३३.९ महिने, दुसऱ्याचं ४५.७. मध्यक म्हणजे निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या, निम्म्या कमी, तेव्हा तुमच्या आईची ही मुदत समजू नका. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही जवळपास तेवढाच फरक टिकून होता. गंभीर त्रास दोन्ही गटांत सारखेच, २५ आणि २७ टक्के. मात्र ज्यांच्या आतड्याचा तुकडा काढावा लागला, त्यांच्यात पोटावर शौचाची पिशवी लावण्याचं प्रमाण हायपेकच्या गटात जास्त होतं. ती पिशवी लागू शकते, हे आईला आधी सांगितलंच पाहिजे. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा कळलं तर फार जिव्हारी लागतं, मी पाहिलंय.

हेच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला लागू नाही. फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात चांगलं ऑपरेशन झालेल्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाच्या गरम केमोने आयुष्यात काही भर पडली नाही: गरम केमोसह ४१.७ महिने, तिच्याशिवाय ४१.२. कुणी शेजारी म्हणाला की आमच्या काकांना उपयोग झाला नाही, तर आधी विचारा काकांचा कॅन्सर कुठला होता.

एक प्रसंग सांगते. एका बाईंचं पोट उघडलं तर लहान आतड्याच्या मुळाशी, जिथून त्याच्या रक्तवाहिन्या येतात, सगळीकडे पांढरे कण घट्ट बसलेले. ते काढायचे तर सगळं आतडंच काढावं लागलं असतं. सर्जन थांबले, बाहेर गेले. बाईंचे यजमान मांडीवर डबा ठेवून बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उघडलंच आहे तर केमो तरी ओतून घ्या ना, डॉक्टर. पैसे भरलेत." सर्जन त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि नाही म्हणाले. एवढ्या कणांवर औषध ओतून त्रास सगळा झाला असता आणि फायदा काहीच नाही. मला त्या दिवशी आमच्या सर्जनबद्दल फार आदर वाटला. आतून रडूही येत होतं.

म्हणून तुमच्या सर्जनला हे विचारा: "सगळा दिसणारा रोग काढता येईल असं तुम्हाला वाटतं का, आणि नाही निघाला तर तुम्ही काय करणार?" पीसीआय नावाचा एक आकडा असतो. पोटाचे तेरा भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण जास्तीत जास्त ३९. सीटी स्कॅनवरून किंवा दुर्बिणीतून तो किती वाटतो, हेही विचारा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे विचारायलाही लाजू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हे होतं. प्रवास जमत नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी, जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून दुसरं मत घेता येतं. खर्च लाखांत जातो. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीच्या पत्रात 'हायपेक' हा शब्द स्पष्ट आला आहे ना, ते बघा.

पोटात केमो द्यायचे आणखीही मार्ग आहेत. कातडीखाली पोर्ट बसवून घरी गेल्यावरही पोटात औषध देत राहायचं, ही पद्धत २००६ मधल्या अमेरिकन अभ्यासानंतर खूप गाजली. पण त्यातल्या फक्त ४२ टक्के बायकांना पोटातल्या सहाही केमो सोसल्या, आणि नंतरच्या अभ्यासात फायदा दिसला नाही. ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्यासाठी दुर्बिणीतून औषधाचा फवारा मारतात, पायपॅक. जर्मनीत २०११ मध्ये सुरू झालं, अजून त्यावर अभ्यास चालू आहेत. तुमच्या आईला सध्या दोन्हींचा विचार करायला नको.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मात्र वाया घालवू नका. आईला रोज चालवा. अंडी, डाळी, पनीर, जे तिला आवडतं आणि पचतं ते द्या. हॉस्पिटलात तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळतं, ते आजपासूनच सुरू करा. लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह, कमी ऐकू येणं, जे असेल ते भूलतज्ज्ञाला सांगा. सिस्प्लॅटिन कानांनाही बाधतं. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका.

नंतर आयसीयूत एक-दोन दिवस, हॉस्पिटलात दहा-पंधरा दिवस. पोट चालू व्हायला वेळ लागतो, त्या काळात तोंडाने काही देत नाहीत म्हणून घाबरू नका. पहिले दोन दिवस लघवीची भांडी हातमोजे घालूनच हाताळायची. घरी आल्यावर तीन केमो उरलेल्या असतात, थकवा कित्येक आठवडे राहतो.

राहिलं आईला काय सांगायचं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटला भेटायला जाते तेव्हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "गरम पाणी घालणार म्हणजे आत भाजेल का हो?" मी त्यांचा हात हातात घेऊन सांगते की आंघोळीचं कडक पाणी असतं ना, तेवढंच. तुम्ही गाढ झोपेत असाल, काही कळणार नाही. उठाल तेव्हा दुखू नये म्हणून पाठीत बारीक नळी घातलेली असेल, तिच्यातून औषध चालू राहील. आणि पंप सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत मी तुमच्या डोक्याशी उभी असते, कुठे जात नाही. तुमच्या आईच्या डोक्याशीही आमच्यापैकी कुणीतरी असंच उभं असेल. तिला हे आजच सांगा.